खांद्याची पिशवी

"खांद्याच्या गोळ्याभोवती पिशवी असते, ती आखडली की गोळा आत अडकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईचा हात कानाच्या वर जाईना. दादाने फोनवरच हात वर केले, म्हणून आठ दिवसांची रजा टाकून मी आले. रोज आई भिंतीवरून बोटं वर चालवते, थांबतील तिथे मी पेन्सिलीने रेघ मारते. दोन महिने झाले, रेघ हलत नाही. काल साहेबांचा निरोप आला, सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा. आज बॅग भरून दाराशी ठेवली, आंघोळीला गेले. बाहेर येते तर बॅग कपाटाच्या माथ्यावर, पार मागे ढकललेली. घरात आम्ही दोघीच. आई भिंतीपाशी उभी, बोटं जुन्याच रेघेवर. "इथेच अडकतोय बघ मेला," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग पेन्सिल उचलली आणि तीच रेघ पुन्हा गिरवली.