अशेरा आणि शैलजामावशी

हिब्रू बायबलवरच्या माझ्या प्रबंधात अशेरा नावाची जुनी कनानी देवी आहे. लाकडी खांब आणि हिरवं झाड या तिच्या खुणा. ग्रंथात तिचा उल्लेख चाळीसेक वेळा येतो, तोही बहुतेकदा तिचा खांब तोडा, जाळा, एवढंच सांगायला. कारण तिथल्या देवाला शेजारी दुसरं कोणी खपत नाही.

मला त्या देवाचं अगदी पटतं. प्रबंधापायी माझी रेवा दोन वर्षं दिवसभर तिला सांभाळणाऱ्या शैलजामावशींकडे असायची आणि घरी आल्यावर झोपेतसुद्धा त्यांनाच हाक मारायची. शेवटी या उन्हाळ्यात मी तिला तिथून काढून प्रीस्कूलमध्ये घातलं. फ्रिजवरचा त्या दोघींचा फोटो काढून टाकला. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतली थंडी सुरू झाली तेव्हा मावशींनी दिलेली कढीपत्त्याची कुंडी डेकवरून आत घ्यायची माझ्याकडून 'राहून गेली'.

"चार वर्षांचं पोर आहे यार, विसरेल ती," माझा नवरा सुशांत म्हणाला. "तू झाडावर कशाला राग काढतेस?"

पण खात्री नको का करून घ्यायला? म्हणून रोज शाळेतून आणताना, कार सीटचा पट्टा लावता लावता मी तिला सहज विचारते, "रेवा, शैलजामावशींची आठवण येते का गं?"

आज मात्र ती वैतागली.



"मी फरगेट करते, आई. मग तू परत विचारतेस."