पत्र्याखालचं लाकूड

संग्रहालयाचा ट्रक फाटकाशी उभा होता. वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन मोटारींपैकी एक संग्रहालयाला द्यायची, एक घरी ठेवायची. कुठली, ते इरमाला ठरवता येईना. म्हणून तिने वडिलांच्या दोस्ताला, देल्फिनोला बोलावून घेतलं. इटलीतल्या तुरीनमध्ये हाताने मोटारींचा पत्रा ठोकण्यात त्याची हयात गेली होती. आता तो ब्याऐंशीचा होता, आणि दोन्ही डोळे गेले होते.

तिने त्याला आधी १९३४ सालच्या लांबलचक मोटारीपाशी नेलं. त्याने मडगार्डवरून तळवा सावकाश फिरवला. मग दुसऱ्या बाजूच्या मडगार्डवरून. हसला.

"डावं नखभर जास्त फुगलंय. दोघांनी ठोकलंय हे, आणि डावीकडच्याला घरी जायची घाई होती. याला म्हणतात मोटार, पोरी!"

"आणि ही?"

दुसरी १९५७ सालची. बुटकी, गल्लीबोळांत दिसायची तसली.

"तिला काय हात लावायचा? यंत्राने दाबलेला डबा! तुझ्या बापाला जन्मभर हेच सांगत आलो."

"लावा तर खरं, काका."

कुरकुरत त्याने दारावर हात ठेवला. हात कडेपर्यंत गेला, परत वर आला. तो चाचपडत पलीकडे गेला, तिथलं दार तपासलं. पुन्हा अलीकडे आला. कुरकुर केव्हाच थांबली होती.

"हिचा साचा कशावरून काढला?"

"लाकडी नमुन्यावरून. दारांचा नमुना बाबांनी केला होता. अकरा महिने घासत होते."

"गाउदेन्झोने? मला कधी बोलला नाही."

"तुम्ही बोलू देत होता का?"

"ताई, कुठली चढवायची?" ट्रकवाल्याने हाक मारली.

देल्फिनो गुडघे टेकून बसला. इरमाचा हात ओढून त्याने दारावर ठेवला.

"इथे. कडेच्या जरा आधी थांबलाय तुझा बाप. मग वळलाय. मी असतो तर सरळ गेलो असतो." त्याने विचारलं, "अशी किती दारं निघाली असतील गं?"

"दहा लाखांवर गाड्या निघाल्या, काका. प्रत्येकीला दोन."

म्हाताऱ्याने गाल दाराला टेकवला.

"म्हणजे रोज सकाळी," तो हळूच म्हणाला, "अख्खा देश गाउदेन्झोच्या हातावर हात ठेवून कामाला जात होता."

इरमाने ट्रकवाल्याला खुणेनेच लांब मोटार दाखवली. साखळ्या खणखणल्या, ट्रक सुरू झाला, फाटकातून बाहेर पडला. देल्फिनोने मानसुद्धा वळवली नाही.