दोन बोटं कोरी जागा

“अजून आखूडच आहे,” तो म्हणाला आणि व्हिडिओ गेमच्या डिस्कची रिकामी प्लास्टिकची केस त्यानं काउंटरवर ठेवली.

छपाईच्या दुकानातल्या बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. केसच्या कव्हरचा हा दुसरा कागद होता. पहिला चारी बाजूंनी लहान निघाला होता, कारण मशीन आपल्या मनानं चित्र पानात बसवून घेत होतं. बाईंनी पडद्यावरची ‘पानात बसवा’ ही खूण काढून माप शंभर टक्के केलं. आता रुंदी अगदी जमली, चित्राची मधली पट्टीही केसच्या कण्यावर आली. पण खाली दोन बोटं कागद कोराच राहिला.

“आता मशीनला बोल लावू नका हं, दादा. आडवं दोनशे त्र्याहत्तर मिलिमीटर, बरोब्बर. उभं एकशे त्र्याऐंशी हवं, तर हे दीडशेच आहे. फाइलच आखूड केलीय. कुणी केली?”

“बायकोनं.”

“मग त्यांनाच विचारा की फोन करून.”

त्यानं काउंटरवरची केस उगाच उघडून मिटली. बाईंनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर पडद्याकडे वळवली.

त्याच्या घरात गेम एकच होती. डिस्क कुणाची तरी जुनी घेतलेली, केसला कव्हरही नव्हतं. आजारपणात बायकोनं ते स्वतः काढलं. समुद्र, समुद्रात होडी, होडीत दोघीजणी. गेम खेळायच्या मायलेकी. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तेरा वर्षांची लेक त्याच्याशी हो-नाहीच्या पुढे बोलली नव्हती. दहा दिवसांपूर्वी ती मावशीकडे गेली, ती तिथेच राहिली. आज सकाळी मावशीचा फोन आला.

“भाऊजी, पोर इथेच राहीन म्हणते. पाचच्या बसनं येतेय, कपडे आणि ती गेम न्यायला. अडवू नका तिला.”

अडवणार तरी कशाच्या जोरावर? निदान घर बघून तिचा पाय अडखळावा म्हणून त्यानं झाडलं, पुसलं. केसवर औषध सांडून ती चिकट झाली होती. त्यानं डिस्क काढून बाजूला ठेवली आणि केस भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात बुडवली. पारदर्शक प्लास्टिकच्या आत कागद आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बाहेर काढली तेव्हा आत लगदा झाला होता. त्यानं नखानं तो सारखा करून पाहिला. अर्धी होडी अंगठ्याला चिकटून आली.

नशिबानं बायकोच्या कॉम्प्युटरवर चित्राची फाइल सापडली. आता चार वाजत आले होते.

“ताणून बसवा,” तो म्हणाला.

“ताणलं तर होडीतल्या बायका बांबूसारख्या दिसतील.”

“मग काहीही करा, पण मापात बसवा. लेकीला कळता कामा नये. शेवटी शेवटी तिच्या आईचे हात फार थरथरायचे हो. तेव्हा चुकलं असेल माप.”

बाईंचा आवाज खाली आला. “थांबा, खाली पाणी वाढवते. समुद्रच तर आहे. पाणी कोण मोजतंय?”

तिसरा कागद केसमध्ये असा बसला, की जणू कारखान्यातूनच आला होता.

लेक आली तेव्हा त्यानं केस टीव्हीजवळ जागच्या जागी ठेवली होती. तिनं बूटही काढले नाहीत. कपाटातले कपडे बॅगेत कोंबले, बॅग खांद्यावर टाकली आणि केस उचलली. मग थांबली. तिचा अंगठा खालच्या पाण्यावरून फिरत राहिला.

“हे आईचं नाही.”

खोटं त्यानं घोकून ठेवलं होतं. ते तोंडातून निघेना.

“मी धुतली गं केस. आतला कागद गेला. हे तिच्याच फाइलवरून काढलंय. तिचं माप चुकलं होतं, तेवढं फक्त नीट करून आणलं.”

“चुकलं नव्हतं.” तिचा आवाज फुटला. “तिनं जागा सोडली होती. दुपारी ती खेळायची, शाळेतून आल्यावर मी. तेव्हा ती औषध घेऊन झोपलेली असायची. म्हणून कुठवर आलो, पुढे काय करायचं, ते कागद बाहेर ओढून खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. खोडायचं, परत लिहायचं. तिचं शेवटचं मी खोडलं नव्हतं, बाबा.”

“काय होतं?”

“‘दमले. माझा डाव राखून ठेव.’”

तो खुर्चीवर बसला. बायकोचं शेवटचं अक्षर त्यानं सकाळी साबण लावून, घासून, सिंकमधून सोडून दिलं होतं.

“जा तू,” तो म्हणाला. “मावशीकडेच बरी आहेस. माझ्या हातून हे असंच होणार.”

ती गेली नाही. मग तिनं केसमधला कागद ओढून काढला, कात्री आणली आणि खालचं दोन बोटं पाणी कापून टाकलं. कापलेली पट्टी उलटी केली. मागून ती कोरी होती. पट्टीवर झुकून ती बराच वेळ पेन्सिलीनं काही लिहीत होती. तिनं लिहिलेलं खोडल्याचा आवाजही आला. मग चित्र आणि पट्टी दोन्ही आत सरकवून तिनं केस त्याच्या मांडीवर ठेवली, आणि खाली बसून बुटांचे बंद सोडू लागली.

त्यानं केस डोळ्यांजवळ नेली.

“आईचा डाव राखलाय. बाबा, तुम्ही बसा. मी शिकवते.”