चार तुकडे

काचेच्या दारावर आज कागद चिकटवलेला होता. ‘शनिवारपासून दुकान कायमचं बंद. इतके दिवस आलात, आभार.’ हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला आणि दार ढकललं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणे.

आत सहा टेबलं, त्यातली पाच रिकामी. एके काळी इथे दुपारी उभं राहायला जागा नसायची.

“या काका,” गल्ल्यावरून बर्गरवाला म्हणाला. “नेहमीचंच?”

“नेहमीचंच.”

त्याने चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि ती तव्यासमोरच्या चिमट्याला अडकवली. या दुकानाची रीतच न्यारी. इथे नंबर नसत. बर्गरवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच एक नाव ठेवी आणि चिठ्ठीवर तेच लिही. पोस्टमन ‘जास्त मिरची’, शिवणक्लासवाल्या बाई ‘घाईघाई’. चिठ्ठीचं तोंड तव्याकडे असे, त्यामुळे बसून खाणाऱ्याला आपलं नाव कधी दिसत नसे. घरी नेणाऱ्याच्या पिशवीवर मात्र तीच चिठ्ठी डकवली जाई आणि लोक ती वाचून हसत हसत घरी जात.

“माझं काय नाव ठेवलंय हो?” हेडक्लार्कांनी मागे एकदा विचारलं होतं.

“तुमचं तर दुसऱ्याच खेपेला ठरलं, काका,” बर्गरवाला म्हणाला होता, आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागला होता.

हेडक्लार्क नेहमी बसूनच खात. कवळीला अख्खा बर्गर झेपत नसे, म्हणून चार तुकडे करून, काट्याने. असा बर्गर खाणारा दुसरा माणूस त्या दुकानाने पाहिला नव्हता, आणि सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सुरी मागितली तेव्हा बर्गरवाला मोठ्याने म्हणाला, “काका, बर्गर आहे हा, वाढदिवसाचा केक नाही!” अख्खं दुकान खो खो हसलं. हेडक्लार्कही हसले. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांच्या नुसत्या चष्म्याला ऑफिस तीस वर्षं टरकून होतं, त्यांची ही शोभा! नातीने नुकतंच त्यांना फोनवर दुकानांना तारे द्यायला शिकवलं होतं. त्यांनी एक तारा दिला, ‘जागरूक ग्राहक’ असं नाव घेतलं आणि सरकारी अहवालासारखं मुद्देसूद लिहिलं. ‘बर्गरचे चार तुकडे केले. तिसऱ्या तुकड्यात झुरळ निघाले.’

झुरळ नव्हतंच. करपलेला कांदासुद्धा नव्हता. जिभेला हाड नसतं म्हणतात. बोटांना असतं, तरी ती थांबली नाहीत.

त्या दोन ओळी फोनाफोनांतून गल्लीभर फिरल्या. आठवड्याभरात आयांनी पोरांना इथे आणणं सोडलं, महिन्याभरात आचारी गेला, आणि बर्गरवाल्याची बायको दवाखान्यातली नोकरी सोडून तव्याशी उभी राहिली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं हेडक्लार्क स्वतःला समजावत राहिले. पण खाई त्याला खवखवे. लिहिलेलं पुसायचं कसं ते ठाऊक नव्हतं, आणि नातीला विचारावं तर काय लिहिलंय ते दाखवावं लागलं असतं. म्हणून मग दर बुधवारी येऊन ते इथे जेवत. प्रायश्चित्तच म्हणा. त्यातही लाज अशी, की बर्गर फक्कड असे.

आज मात्र सांगून टाकायचंच. ते खोटं होतं असं आपणच चारचौघांत कबूल केलं, तर शनिवार अजून टळेल.

बर्गरवाल्याची बायको स्वतः प्लेट घेऊन आली. चार तुकडे, अगदी सारखे. तिच्या मनगटावर तेलाचा ताजा चटका होता.

“मला एक सांगायचं होतं,” हेडक्लार्क म्हणाले.

ती तिथेच थांबली. हात पदराला पुसले. गल्ल्यावर बर्गरवाल्याचं पेन थांबलं.

“सांगा ना, काका.”

शब्द ओठांवर आले होते. पण तिची नजर इतकी शांत होती, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मीठ... मीठ अगदी बेताचं असतं तुमच्याकडे.”

“एवढंच सांगायचं होतं?”

“एवढंच.”

ती तव्याकडे परतली.

दोन तुकडे त्यांनी कसेबसे गिळले. तिसरा घशाखाली उतरेना. “उरलेलं बांधून द्याल का? नातीला होईल.”

“बांधून?” बर्गरवाल्याने बायकोकडे पाहिलं. आजवर त्यांनी कधी काही बांधून नेलं नव्हतं. त्याने कोऱ्या चिठ्ठीकडे हात नेला. “दुसरी लिहितो.”

“कशाला?” ती वळून न पाहता म्हणाली. “तीच लाव.”

पिशवी छातीशी धरून हेडक्लार्क घरी निघाले. वाटेत त्यांनी पक्कं केलं, नातीला विचारून ते लिहिलेलं आजच पुसायचं. आजोबांचा फोन चुकून दाबला गेला, असं काहीतरी सांगायचं. कोणाला काही कळायचं नाही. आपली गोष्ट आपल्यापाशी राहील. एवढं ठरल्यावर त्यांची पावलंही जरा हलकी झाली.

दार नातीनेच उघडलं. वासानेच तिला कळलं आणि तिने पिशवी ओढून घेतली.

“आजोबा, तुम्हाला काय नाव ठेवलंय बघू!”

“बघ की. मलाही माहीत नाही.”

तेलाने डागाळलेली चिठ्ठी तिने उजेडात धरली आणि मोठ्याने वाचली, “झुरळवाले काका.”