धुराड्यावरचं झाकण

ट्रॅक्टर चालू होता आणि धुराड्यावरचं पत्र्याचं झाकण टपटप नाचत होतं. मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि ऐकायला लागला. पूर्वी तो ऐकताना डोळे मिटून घ्यायचा. हल्ली उघडेच ठेवायचा, वर कुठेतरी लावून. वयाने माणसाच्या सवयी बदलतात, असं लेकीला वाटायचं.

"डॉक्टरांनी नाडी धरली," ट्रॅक्टर विकणारा दलाल म्हणाला. "आता कुणी शिंकायचंसुद्धा नाही."

लेकीला चार पावलांवरूनच ऐकू येत होतं. ठक, ठक, ठक. इंजिनाच्या पोटात क्रँकचं बेअरिंग गेलेलं. याही ट्रॅक्टरचं.

दुकानात सिलिंडर कोरायचं मशीन बापलेकीने मोठ्या हौसेने घेतलं होतं. जुने ट्रॅक्टर स्वस्तात घ्यायचे, इंजिन नवं करून विकायचे, म्हणजे मशीन आपली किंमत आपणच फेडेल. बेत चांगला होता. पण तीस वर्षं ग्राइंडर आणि घण ऐकलेल्या कानांनी लागोपाठ तीन ट्रॅक्टर असे निवडले, की क्रँक बदलता बदलता नाकी नऊ आले. मशीन कोपऱ्यात बसून खात होतं. आणि मिस्त्रीची तक्रार एकच, "हल्ली सगळे पुटपुटतात. तोंड उघडून बोलायला काय होतं?"

इंजिन उघडून आतली नासाडी दिसली, की दर वेळी लेक आधीच बोलून टाकायची. "बाबा, घरी आणताना तेल बघायचं माझ्याकडूनच राहिलं. त्यानेच बेअरिंग जळलं असणार."

मग मिस्त्री गिऱ्हाइकांसमोर तिची पार सालटी काढायचा. "शेंबड्या पोराला कळतं, चालवायच्या आधी तेल बघावं! हात आहेत की पाय?" तिसऱ्या वेळी तो ओरडलाही नाही. नुसतं म्हणाला, "पुन्हा असं झालं, तर मशीन विकून टाकतो. तुझ्या हातात धंदा द्यायचा म्हणत होतो मी."

तिने तेही गिळलं. मशीन गेलं, तर पुन्हा घेता आलं असतं. बापाचं सगळं मिस्त्रीपण त्या एका कानात होतं.

दलालाचा फोन वाजला. पलीकडचं काही ऐकू येईना, म्हणून त्याने इंजिन बंद केलं. धुराड्यावरचं झाकण टप्पकन पडलं. आवारात एवढी शांतता झाली, की पत्र्यावर उड्या मारणाऱ्या चिमणीचे पायही ऐकू आले.

मिस्त्री तसाच उभा होता. मूठ कानाला, मान वर.

"मस्त चालतोय," तो म्हणाला. "ये, तूही ऐक. खटखट आहे का गं काही?"

दलालाचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. त्याच्या ओठांवर हसू फुटायला लागलं, तशी लेकीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि किल्ली फिरवायची खूण केली. मग बापाच्या हातून मूठ घेतली आणि बंद इंजिनाला कान लावला.

"नाही बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "ठणठणीत आहे."

इंजिन धडधडलं. झाकण पुन्हा नाचू लागलं. ठक, ठक, ठक. दलाल फोन खिशात टाकून पुढे आला. "मग काय मिस्त्री, न्यायचा ना?"

मिस्त्रीने त्याला हाताने थांबवलं. लेकीकडून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा पुसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "झाकण पडलं, तेव्हाच इंजिन बंद झाल्याचं कळलं मला. दोन वर्षं मी झाकणाकडे बघूनच ऐकतोय."

"बाबा..."

"तू काय सांगतेस, ते बघायचं होतं."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. मूठ तिच्याकडे करून, त्याच्या उस्तादाने त्याला दिला होता तसा. बोटं मात्र लवकर सुटेनात.

"म्हणजे तिन्ही वेळा," तो म्हणाला, "तू तेल बघितलं होतंस."