आठ व्हॉल्वचा हट्ट

"हे परत बसवायचे न्हाईत," चन्नबसप्पा मिस्त्रीनं इंजिनातले आठही व्हॉल्व गोणपाटावर ओळीनं मांडले.

सेलूच्या जिनिंगच्या आवारात बन्सीधर सेठची लॉरी बॉनेट उघडून उभी होती. सेठनं एक व्हॉल्व उचलला, धोतराला पुसला, उन्हात धरून पाहिला.

"चांगला तर हाय. घास आन् बसव."

सेठ म्हणजे सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारून वापरणारा माणूस. जळकी काडीसुद्धा डबीत परत ठेवायचा. मिस्त्रीला त्याचं नवल राहिलं नव्हतं, चीड मात्र तशीच होती.

"कड बघा. पात्यावाणी झाली. तापली की मुंडी तुटून आत पडंल, पिस्टन फोडंल. स्प्रिंगा बी दबल्यात. अर्ध्या वाटंत गाडी बसंल."

"बसली तर बसली."

बाजेवर चहा घेत बसलेले गिरदावर किशनराव हसले. शेतकऱ्यांकडून धान्याची सक्तीची लेव्ही वसूल करायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि आज दुपारी चारठाण्याला जायला त्यांनी हुकूम दाखवून लॉरी ताब्यात घेतली होती. ती सुरू झाल्याशिवाय ते बाज सोडणार नव्हते.

"काय सेठ, सरकारी कामाला जुना माल?"

"नवा मिळतो कुठं, सायेब? लढाई चालू हाय."

"मिळतो की," मिस्त्री म्हणाला. "माझ्या घरी हाय. मनमाडहून आणून ग्रीसात बुडवून ठिवलाय सगळा संच."

सेठचा पाय मिस्त्रीच्या पायावर पडला. जोरात. मिस्त्रीनं पाय ओढून घेतला. खर्च वाचवायला हा माणूस दुसऱ्याची बोटंही चेंगरील, असं त्याच्या मनात आलं.

"भिऊ नका, तुमच्या तिजोरीला हात लावत न्हाई. माझे व्हॉल्व, माझी मजुरी."

"मिस्त्री, एवढ्या डाव ऐक माझं."

"न्हाई ऐकत!" मिस्त्रीनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "एकवीस वर्षं झाली, माझा हात लागलेली गाडी वाटंत बसली न्हाई. आन् चारठाण्याला माझा सख्खा भाऊ बसप्पा राहतो. तिथल्या लोकांनी माझी गाडी ढकलत आणली, तर त्यानं तोंड कुठं लपवावं? जुनेच बसवायचे तर दुसरा मिस्त्री बघा."

सेलूत दुसरा मिस्त्री नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्री घराकडं निघाला तसा सेठही लगबगीनं उठला.

"तुमी कुठं?" किशनरावांनी त्याच्या बाहीला धरलं. "बसा. चहा घ्या."

सेठ बसला. अडवायलाच येत होता लेकाचा, मिस्त्री स्वतःशी हसला. फाटकाबाहेर लिंबाखाली एक बैलगाडी सोडलेली होती. पांढऱ्या कपाळाचा बैल ओळखीचा वाटला, पण थांबायला वेळ कुणाला होता?

दुपार कलायच्या आत काम उरकलं. मिस्त्रीनं हँडल मारलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. त्यानं किशनरावांचा भरलेला कप उचलून चालू गाडीच्या मडगार्डवर ठेवला. थेंबही सांडला नाही.

"वा!" किशनराव म्हणाले आणि शिपायांना घेऊन गाडीत चढले.

सेठ भिंतीकडं तोंड करून उभा होता. एका कवडीमोल हट्टापायी माणसानं इतकं रुसावं, याची मिस्त्रीला मौज वाटली.

दिवस मावळताना रेल्वे फाटकापलीकडूनच त्यानं आवाज ओळखला. गाडी ज्वारीच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली, तरी एक ठोका चुकत नव्हता. मिस्त्रीची छाती फुगली.

किशनराव उतरले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पेवांतली ज्वारी उपसून लोक रानात पळवायलेच होते. घंटाभर उशीर झाला असता तर एक दाणा हाती लागला नसता."

ते हात धुवायला रहाटाकडं गेले. मिस्त्री सेठजवळ आला. "बघा. बसली का गाडी?"

सेठ वरच्या पोत्याकडं बघत राहिला.

"सकाळी तुझा बसप्पा आला होता, मिस्त्री. म्हणला, सेठ, कायबी करा, पण गाडी वाटंत बसू द्या. आन् दादाला सांगू नका, त्याच्या मनातलं तोंडावर दिसतं."