डाग काढणारी

सासूबाईंचा गैरसमज होता तसा राहू दिला, तर धाकटीच्या पदरात बरंच काही पडत होतं. दुपारी आडवं व्हायला मिळत होतं. थोरलीच्या ताटातलं अंडं उठून तिच्या ताटात येत होतं. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहणं टळत होतं. यासाठी तिला खोटं बोलावं लागलं होतं का? छे. ती नुसती गप्प बसली होती.

ऐन घाईच्या वेळी ती घरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करताना घेरी येऊन पडली आणि शुद्धीवर आली ती बर्फ मागत. सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला, "डोहाळे! मला नका शिकवू, दोन बाळंतपणं काढलीत मी." ट्रकवर लांब गेलेला धाकटा फोनवर असा ओरडला की दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही बातमी कळली. त्या गलक्यात 'नाही हो आई' म्हणायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी म्हणायची सोय उरली नव्हती. फ्रीजमधला बर्फ तर ती खायची त्याच्या दुपटीनं संपायचा, आणि सासूबाई लाडात म्हणायच्या, "जुळं आहे की काय गं?"

उद्या सकाळी त्या तिला दवाखान्यात नाव नोंदवायला नेणार होत्या. आणि आज दुपारी पुन्हा अंगावर जायला लागलं होतं. दर महिन्याला जायचं तसंच, नळ उघडा राहिल्यासारखं.

धाकटीनं पलंगावरची चादर ओढून काढली. मोरी ती कितीशी लांब, पण मध्ये दोनदा भिंत धरावी लागली. कानांत कुणीतरी ओले कपडे आपटत होतं. मोरीत हॉटेलच्या पांढऱ्या चादरींचा डोंगर पडला होता. त्यात आणखी एक. चादर लपवायला लॉन्ड्रीसारखी दुसरी जागा नाही.

"त्या टबात नको," मागून थोरली म्हणाली. "त्यात गरम पाणी आहे. रक्ताचा डाग गरम पाण्यात गेला की बसतो. मग मलाही निघायचा नाही."

तिच्या हातात स्टीलचा पेला होता. तो खाली ठेवून तिनं धाकटीकडून चादर घेतली, गार पाण्यात बुडवली आणि वर मूठभर मीठ टाकलं. एखाद्या गिऱ्हाइकाची असावी तशी.

धाकटी मोरीच्या कट्ट्यावर बसली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या खेपेचाही मीच काढला. या घरात डाग कोण काढतं गं?"

"मग बोलला नाहीत?"

"तू बोललीस?"

धाकटीनं पाण्यातली चादर बोटानं आणखी खाली दाबली.

"फुकट नाही गप्प बसले," थोरली म्हणाली. "तुझी बातमी आल्यापासून मला कुणी वांझोटी म्हटलं नाहीये. परवा तर आई मला 'बाळ' म्हणाल्या, कळलं? तुझ्या वाटची इस्त्री ओढते, पण सौदा स्वस्तात पडला." ती हसली. हिरड्या चादरींइतक्याच पांढऱ्या होत्या. धाकटीला वाटलं, मोरीतला उजेडच तसा असेल.

"आजच सांगूया ना, वहिनी. मला खरंच बरं नाही. जिना चढले की जीव छातीत मावत नाही."

"आज नको. संध्याकाळी हॉटेलची गाडी येईल आणि ढीग बघ. एवढा दिवस काढू. उद्या दवाखान्याच्या वाटेवर मीच बोलते आईंशी. तुझ्यामागे मीही दाखवून घेईन."

"तुम्हाला काय झालंय?"

थोरलीनं पेला उचलला. त्यातला बर्फाचा खडा तोंडात टाकून कडकन फोडला.

"तुला झालंय तेच. दर महिन्याला एवढं रक्त जातं, अंगात उरतंय कुठं? तुझ्या कितीतरी आधीपासून. बर्फही आधी मीच खायला लागले. 'काय ही घाणेरडी खोड,' म्हणाल्या होत्या आई. मला डोहाळे लागले असतील असं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच."

"थोरले!" पुढून हाक आली. "चादरी काय आपल्या आपण कडक होणार आहेत?"

"आले, आई." उठताना थोरलीनं दाराची चौकट धरली आणि जरा वेळ धरूनच ठेवली. "तू पड जा. पोटावर हात ठेवून पड, त्यांना बरं वाटतं."

धाकटी पडली. पोटावर हात ठेवला. पुढून इस्त्रीचा आवाज येत होता. फुस्स, थप. फुस्स, थप. डोळ्यांवर झापड येत होती. मग एकदा थप झालं आणि पुढचं फुस्स आलंच नाही.

तिनं वाट पाहिली. उठायला हवं होतं, पण पाय ऐकेनात. आधी वास आला, करपलेल्या सुताचा.

"अगं बाई, हॉटेलची चादर!" सासूबाई किंचाळल्या.

भिंत धरत धरत धाकटी पोचली, तेव्हा इस्त्री बाजूला झाली होती. चादरीवर तिचा तपकिरी ठसा उमटला होता, टोकासकट. पेला लवंडून त्यातला बर्फ फरशीभर पसरला होता. त्या दिवशी धाकटी घेरी येऊन पडली होती त्याच जागी, टेबलाच्या पायाशी, थोरली पडली होती.

सासूबाईंनी अजून खाली पाहिलं नव्हतं. त्या नखानं डाग खरवडत होत्या आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "थोरले, हा निघेल ना गं? निघेल ना?"